काचेचे कापड आणि हाताचे इमान



आपल्यापैकी पुष्कळांनी कुडाची भिंत पाहिली असेल. काहींचे तर बालपणच कुडाच्या घरात गेले असेल. रानातून कारवीच्या सरळ काठ्या आणायच्या, त्या उभ्या-आडव्या लावून बांधून घ्यायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा गिलावा द्यायचा. झाली भिंत. आता नुसत्या कारवीची भिंत केली तर ती वारा अडवणार नाही आणि नुसत्या मातीचा तेवढा पातळ पडदा उभा केला तर तो पहिल्या धक्क्याला कोसळेल. पण दोघांची सांगड घातली की भिंत वर्षानुवर्षे उभी राहते. काठी ताण सोसते, माती दाब सोसते आणि काठीला जागच्या जागी धरून ठेवते. दोन दुबळ्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे राहावे, तसा हा प्रकार आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, आज मला ज्या धंद्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे, त्याचे सारे मर्म ह्या कुडाच्या भिंतीत आहे. बाजारात त्याला 'फायबरचे काम' किंवा 'एफआरपी' म्हणतात. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात अंथरायचे, त्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव हाताने भिनवायचा आणि तो घट्ट झाला की साच्यातून वस्तू काढून घ्यायची. कारवीच्या जागी काचेचा तंतू, शेण-मातीच्या जागी रेझिन. भिंतीच्या जागी होडी, घसरगुंडी, रखवालदाराची चौकी, मोटारीचे टप, दुकानावरचा मोठा पुतळा, असे काहीही.

मी काही इंजिनिअर नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. ह्या धंद्याशी माझी ओळख झाली ती एका घसरगुंडीमुळे.

ठाण्याहून घोडबंदरकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. त्याच डोंगरांवर सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते आणि सगळा उतार जांभळा होतो. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत आता उंच इमारती आणि मेट्रोचे खांब दिसतात. पण त्यांच्या आडोशाला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांतून, पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे लहान-मोठे कारखाने अजूनही आहेत. त्या बाजूच्या एका शाळेच्या समितीवर मी काही काळ होतो. शाळेने देणगीतून मुलांसाठी एक घसरगुंडी विकत घेतली. तांबडी, चकचकीत. पहिल्या वर्षी मुले खूष. दोन उन्हाळे गेले आणि मुलांच्या मांड्यांना, तळहातांना खाज सुटू लागली. आधी वाटले, गवतातली कुयली लागली असेल. मग एका बाईंनी घसरगुंडीवरून हात फिरवला, तर हाताला बारीक, दिसतील न दिसतील अशा कुसळ्या टोचल्या. घसरगुंडी मध्यभागी थोडी खचलीही होती. मोठा मुलगा बसला की ती हातभर खाली वाकायची.

माझा एक जुना विद्यार्थी त्याच रस्त्यावर एका फायबरच्या शेडमध्ये हिशेब लिहायला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, आमच्या मिस्त्रींना दाखवा. ते बघताक्षणी सांगतील." घसरगुंडीच्या काठाचा रुपयाएवढा एक तुकडा आम्ही कापून घेतला आणि गेलो.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, मूळचे वसईकडच्या कोळीवाड्यातले. वडील लाकडी होड्यांचे काम करीत. त्यांनी तो तुकडा उजेडाला धरून पाहिला, नखाने खरवडला आणि काही न बोलता शेडच्या बाहेर नेला. चिमट्यात धरून त्याला पेटवला. काळाकुट्ट धूर निघाला. आम्हांला त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे केले. धूर संपला तेव्हा चिमट्यात पांढऱ्या काचेची मऊ चकती उरली होती. रेझिन जळते, काच जळत नाही. भिजलेल्या वहीची पाने सुटी करावीत, तशी त्यांनी ती चकती सुईने सोडवली. एक थर. दोन थर. संपले.

"सर, ह्या वस्तूला निदान चार थर पाहिजेत," ते म्हणाले. "इथं दोनच आहेत. वर जेलकोटही नावाला. ऊन-पावसानं तो उडाला आणि आतली काच बाहेर आली. पोरांना टोचतेय ती काच आहे."

श्रोते हो, ज्या पुरवठादाराने ती घसरगुंडी दिली त्याचे नाव घेण्यात आता काही अर्थ नाही. पण लहान मुलांच्या अंगात काच टोचावी आणि ती कशामुळे हे आम्हां शिकल्यासवरल्या समितीला कळू नये, ह्याची मला फार खंत वाटली. म्हणून मी त्या शेडवर वरचेवर जाऊ लागलो आणि हे काम नीट समजून घेतले. जे कळले ते सांगतो.

प्रथम काचेचा तंतू. काच म्हणजे फुटणारी वस्तू, असे आपण लहानपणापासून शिकतो. ती दोरा कशी होईल? पण वितळलेली काच बारीक छिद्रांतून वेगाने ओढली तर तिचा केसाहूनही कितीतरी बारीक तंतू निघतो आणि तो फुटत नाही, लवतो. काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरांमुळे. तंतू जितका बारीक, तितकी मोठी चीर असण्याला जागाच कमी. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास असा तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती साधली. पुढे काही वर्षांत पॉलिस्टर रेझिन आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारची झाकणे ह्या जोडीतून बनू लागली, कारण धातूच्या झाकणातून रडारच्या लहरी जात नाहीत, ह्यातून जातात. १९५३ साली कॉर्व्हेट नावाच्या मोटारीचे सगळे अंग काचतंतूचे केले गेले. पहिल्या वर्षी अशा ३०० मोटारी निघाल्या.

आता शेडमध्ये काम कसे चालते ते पाहू.

सर्वांत आधी साचा. हा साचासुद्धा बहुधा फायबरचाच असतो. लाकूड किंवा प्लास्टर यांची मूळ वस्तू घडवायची, तिला आरशासारखी गुळगुळीत करायची आणि तिच्यावर जाडजूड थर देऊन साचा उतरवून घ्यायचा. मूळ वस्तूवर राहिलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून पुढच्या प्रत्येक वस्तूवर उतरतो. मिस्त्री म्हणतात, साच्यातली चूक म्हणजे आडनावासारखी, पिढ्यान्‌पिढ्या चालते.

साच्याला मेण लावून घासतात, म्हणजे वस्तू चिकटून बसत नाही. आपल्या घरी ढोकळा लावण्याआधी थाळीला तेलाचा हात देतात, त्यातलाच प्रकार. नंतर रंग मिसळलेल्या खास रेझिनचा एक पातळ लेप देतात. हा जेलकोट. साच्यातून काढल्यावर हाच लेप वस्तूचा बाहेरचा चेहरा होतो. ऊन, पाऊस, खारी हवा यांना तोंड द्यायचे ते त्याने. तो अर्धवट सुकून बोटाला चिकट लागेल, पण बोटाला येणार नाही, अशा बेताला काचेचा पहिला थर घालायचा.

काच दोन रूपांत येते. एक 'मॅट', म्हणजे काचेचे तुकडे-तुकडे तंतू कसेही पसरून केलेली गादीसारखी चटई. दुसरे जाड धाग्यांचे विणलेले कापड. मॅट फटी भरून काढते, विणलेले कापड बळ देते; म्हणून चांगल्या कामात दोन्ही आलटून पालटून येतात. मॅट साच्याच्या मापाने कापून ठेवायची, मग ब्रशने रेझिन लावायचे, वर मॅट अंथरायची आणि ब्रशने टिपत टिपत रेझिन तिच्यात मुरवायचे. ब्रश ओढायचा नाही. ओढला की तंतू गोळा होतात. पांढरी मॅट रेझिन प्यायली की पारदर्शक होते. जिथे पांढरे डाग राहतील तिथे काच कोरडी आहे असे समजावे. शेवटी खाचा पाडलेला धातूचा रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. हे रोलरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. आत राहिलेला हवेचा बुडबुडा म्हणजे भविष्यातली चीर. होडीत तर तिथेच पाणी शिरते.

थोडा हिशेब सांगतो. बाजारात सर्रास मिळणारी मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची असते. ती तिच्या वजनाच्या सुमारे अडीचपट रेझिन पिते, म्हणजे साधारण सव्वा किलोच्या आत. दोन्ही मिळून चौरस मीटरला दीड किलो आणि जाडी सुमारे एक मिलिमीटर. असे चार थर दिले की जाडी चार मिलिमीटर आणि वजन सहा किलोच्या आसपास. तेवढ्याच जाडीचा लोखंडी पत्रा एकतीस किलो भरतो. शिवाय लोखंड गंजते, हे गंजत नाही. ह्यापुढे कोणी म्हणेल की मग हे लोखंडापेक्षा बळकट. तसे मात्र नाही. सुटा काचतंतू पोलादाहून बळकट असतो हे खरे. पण मॅटमध्ये तंतू चहूदिशांना विखुरलेले असतात आणि दोन-तृतीयांशाहून अधिक वजन रेझिनचेच असते. म्हणून हाताने केलेली फायबरची सपाट फळी लोखंडी पत्र्याच्या मानाने फार लवचीक असते. चांगला कारागीर तिला गोलाई देतो, काठ दुमडतो, पाठीमागून फासळ्या घालतो. कागद सपाट धरला तर वाकतो, पन्हळीसारखा धरला तर ताठ राहतो, हे शाळेतल्या मुलालाही दाखवता येते.

आता ह्या धंद्यातली चोरी कुठे होते, ते सांगतो. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. हेच उलट्या बाजूने पाहा. चार थरांच्या जागी कोणी तीनच घातले, तर माल वाचतो चौथाई. पण ताठपणा उरतो चौसष्टपैकी सत्तावीस भाग, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि आमच्या घसरगुंडीसारखे दोनच थर घातले, तर उरतो अवघा आठवा भाग. चोरणाऱ्याला वाटते, मी थोडेसे वाचवले. वापरणाऱ्याच्या वाट्याला मात्र फार मोठी तूट येते. अर्थशास्त्रात आम्ही नफा-तोट्याचे पुष्कळ तक्ते काढतो; पण एकाचा इतका लहान नफा आणि दुसऱ्याचा इतका मोठा तोटा, असे उदाहरण मला क्वचितच आढळले.

शिवाय ही चोरी दिसत नाही. कापडवाला गजात मारतो, दूधवाला पाणी घालतो, ते आपण ओळखतो. इथे वरचा जेलकोट दोन थरांवरही तितकाच चमकतो जितका चारांवर. थर मोजणारा एकच, ते घालणारा हात. मी मिस्त्रींना एकदा विचारले, "कोणी मालक म्हणाला, एक थर कमी घाला, तर?" ते हसले. म्हणाले, "सर, चौकीत थर चोरला तर चौकी खचते. होडीत थर चोरला तर समुद्र मोजून घेतो. आमच्या घरचीच माणसं त्या होडीत बसतात."

कोकण किनाऱ्यावर ह्या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. पूर्वी आंब्याचे खोड कोरून लहान होड्या करीत, मोठ्या सागवानाच्या असत. लाकूड महागले, कारागीर विरळ झाले आणि फायबरच्या होड्या बंदरोबंदरी दिसू लागल्या. त्यांना दरवर्षी लाकडाइतकी डागडुजी लागत नाही, लाकूड पोखरणारी कीड लागत नाही. पण लाकडी होडीचा दोष अनुभवी डोळ्याला वरून दिसे. फायबरच्या होडीचा दोष आत असतो.

ह्या कामाची धोक्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या गावातली मुले अशा शेडमध्ये कामाला जातात आणि त्यांना शिकवणारे पुस्तक नसते. रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात आधी कोबाल्टचे जांभळे औषध थोडे मिसळतात आणि काम सुरू करतेवेळी कॅटॅलिस्ट घालतात, शेकडा एक ते दोन. शेडमध्ये त्यालाच सरसकट हार्डनर म्हणतात. मग मगातले रेझिन पंधरा-वीस मिनिटांत गोठते. गोठताना त्याला उष्णता सुटते. साच्यात पसरलेल्या थराला ती जाणवत नाही. पण उरलेले रेझिन मगातच राहिले तर मग हातात धरवत नाही, धूरही येतो. असा मग कचऱ्याच्या ढिगात फेकला तर आग लागू शकते.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट ही दोन्ही औषधे रेझिनमध्ये वेगवेगळी मिसळायची असतात. ती दोन्ही एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो, स्फोटही होतो. त्या शेडमध्ये मी पाहिले, कोबाल्टचा डबा एका टोकाच्या कपाटात आणि कॅटॅलिस्टची बाटली दुसऱ्या टोकाला, सावलीत. मधे पंचवीस पावले. मी म्हटले, "मिस्त्री, ही दगदग कशाला?" ते म्हणाले, नवीन पोरगा होता, घाईत मोकळ्या भांड्यात कोबाल्ट घेतले आणि त्यावरच दुसरी बाटली वाकवली. मिस्त्रींनी त्याचा हात वरच्या वर धरला. तेव्हापासून ही पंचवीस पावले. "चालताना तरी आठवण होते," ते म्हणाले.

कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून ते ओतताना चष्मा हवाच. थेंब गेलाच, तर कोणाची वाट न पाहता वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. रेझिनला जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. बंद शेडमध्ये त्याने डोके जड होते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. तेव्हा शेड मोकळी, हवा आरपार, हे पहिले औषध. घासकाम करताना उडणारी काचेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो. अंगाला कुसळ्या लागल्या तर चोळू नये, थंड पाण्याने धुवावे. हे सारे स्वस्त उपाय आहेत. एका चष्म्याची किंमत एका डोळ्याच्या मानाने काय आहे, हे कोणत्याही मालकाला समजायला अर्थशास्त्र शिकावे लागू नये.

आपल्या पावसाळ्याचाही ह्या कामाशी झगडा असतो. मॅटने हवेतली ओल धरली की रेझिन तिला नीट धरत नाही, थर पांढुरका आणि दुबळा होतो. म्हणून खाडीकाठच्या शेडमध्ये जुलै-ऑगस्टात मॅट प्लास्टिकमध्ये गुंडाळून उंचावर ठेवतात, आणि पावसाची झड लागली तर काम थांबवतात. काम थांबले की रोजंदारीही थांबते. घाईने ओल्या दिवशी केलेली वस्तू स्वस्त पडते खरी, पण ती कोणाला महाग पडते हे आपण पाहिलेच.

श्रोते हो, इतके दोष सांगितल्यावर ह्या हातकामाचे मोठेपणही सांगायला हवे. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तिथल्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत आपल्या नौदलासाठी एक शिडाची नौका बांधली गेली. लांबी छपन्न फूट. लाकडी गाभा आणि त्यावर रेझिनमध्ये भिजवलेले काचेचे कापड, अशी तिची घडण. मघाशी सांगितलेले जाडीचे गणित इथे कामी येते: हलका गाभा मधे घातला की वजन फारसे न वाढता जाडी वाढते आणि नौका ताठ होते. मांडवीच्याच जुन्या नावावरून तिला 'म्हादेई' म्हटले गेले. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे एकटे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे, केप टाऊन अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगाला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच नौकेतून अभिलाष टॉमी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला पोहोचले. त्यानंतर त्याच गोदीत तिची बहीण 'तारिणी' बांधली गेली; तिच्यातून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ ह्या काळात जग पालथे घातले. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा ह्या दोघीच तारिणीतून पुन्हा प्रदक्षिणा करून आल्या.

दक्षिण महासागरात घराएवढ्या लाटा येतात. त्या लाटेला दिलीप दोंदे यांचे नाव ठाऊक नसते आणि गोदीतल्या कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी रोलर फिरवला, तेही नसते. पण त्या मुलाने एखादा बुडबुडा 'जाऊ दे' म्हणून सोडला असता, तर तो लाटेने शोधून काढला असता. कर्णधाराच्या धैर्याइतकाच मला त्या अनाम हातांचा आदर वाटतो.

हा धंदा आपल्या ग्रामीण भागाला उपयोगी का, तेही सांगतो. प्लास्टिकची बादली यंत्राने ओतायची तर पोलादी साचा लाखो रुपयांचा आणि यंत्र त्याहून महाग. एकच वस्तू हजारोंनी विकली तरच तो खर्च भरून निघतो. फायबरचा साचा कारागीर स्वतःच्या हाताने करतो. दहा-वीस नग हवे असतील तर हेच परवडते. वीज थोडी, भांडवल थोडे, कौशल्य मात्र पुष्कळ. काचेऐवजी ताग किंवा काथ्या वापरून दारे, फळ्या करण्याचे प्रयोगही झाले आहेत. हे तंतू पाणी पितात, म्हणून होडीला नकोत, पण घराच्या आत चालतात. एक उणीव मात्र कायमची. फायबरची वस्तू लोखंडासारखी वितळवून परत वापरता येत नाही. काही ठिकाणी सिमेंटच्या भट्टीत तिचा इंधनासारखा उपयोग करतात, पण गावात ती जाळू नये. म्हणूनच जी करायची ती टिकाऊ करावी.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवतो. वर्गात एक प्रयोग करून पाहा. स्टीलची वाटी पालथी घालून तिला तेलाचा हात द्या. मुलांना कणकेची खळ करायला सांगा. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून वाटीवर एकावर एक चढवा, प्रत्येक वेळी बोटाने हवा काढा. वाळल्यावर वाटी सुटी होईल. शेजारी नुसती खळ थापून वाळू द्या. तिला तडे जातील. कारवी आणि मातीचा धडा इथे झाला. मग चार थरांची एक सपाट पट्टी आणि आठ थरांची दुसरी करा, दोन विटांवर आडवी ठेवा, मधोमध सारखेच वजन टांगा आणि कोणती किती वाकते ते पट्टीने मोजायला लावा. जाडीचा नियम मुले पुन्हा विसरणार नाहीत.

आणि शाळेसाठी, पंचायतीसाठी फायबरची वस्तू घ्याल तेव्हा एवढे पाहा. मागणीपत्रात थर किती आणि जाडी किती ते लिहून घ्या. वस्तू कापताना उरलेला तुकडा मागा. वस्तूची मागची बाजू पाहा. पांढरे डाग, बुडबुडे, उघडे तंतू दिसले तर परत पाठवा. नाण्याने ठोकून पाहा. टणक आवाज यावा, मधेच पोकळ आला तर थर सुटले आहेत. आठवडे लोटले तरी उग्र वास येत असेल, तर रेझिन नीट पिकलेले नाही. काठ बंद केलेले असावेत.

आमच्या घसरगुंडीचे काय झाले, असे आपण विचाराल. ती मिस्त्रींनी शेडवर आणवली. वरचा पृष्ठभाग घासला, मागून तीन थर आणि दोन फासळ्या घातल्या, वरून नवा लेप दिला. कोरड्या दिवसाची वाट पाहण्यात आठवडा गेला. मुले रोज विचारीत. परत बसवली त्या दिवशी मिस्त्री स्वतः आले होते. मुलांना चढू देण्याआधी त्यांनी बाही वर केली आणि उघडा हात वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला. मग हात पालथा करून उजेडाला धरला, पाहिला, आणि म्हणाले, "जा पोरांनो."